कंपाउंड मायटर सॉ: फ्रेमचा चौथा कोपरा जुळंना, शिखराचे अँगल कसे काढायचे, आणि गार्ड काढावं का?

देव्हारा_लातूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. लातूरपासून थोडं आत गावात माझं लहानसं वर्कशॉप आहे, देव्हारे आणि फोटो फ्रेम करतो, सागवानात पण आणि एमडीएफमध्ये पण. आजवर हातकरवत आणि लाकडी मायटर बॉक्सवर भागलं, आता १० इंची कंपाउंड मायटर सॉ मशीन घेतलंय. स्लाइडिंग (डोकं पुढं-मागं सरकणारं) नाही, साधंच आहे, टेबल दोन्ही बाजूला फिरतं आणि डोकं फक्त डावीकडं झुकतं.

अडचण अशी की ३ इंच रुंद पट्टीची फ्रेम करायलो, स्केलवर बरोबर ४५ लावून आठ काप मारले, तीन कोपरे गच्च बसले आणि चौथ्यात एक सूत फट. एमडीएफला पुट्टी मारून देता येतं पण पॉलिशच्या सागवानात पुट्टी दिसतेच. जिथून घेतलं त्या दुकानात फोन केला तर म्हणले मशीन ओके आहे, तुम्हाला चालवता येत नसंल.

दुसरं म्हणजे देव्हाऱ्याचं शिखर. चार पाट्या, प्रत्येकी ४ इंच उंच, चारही आत कललेल्या, वर सपाट जागा आणि तिथं कळस. टेबल किती फिरवायचं आणि डोकं किती झुकवायचं हे गणित कुणाला येतं का, अंदाजानं कापण्यात माल वाया चाललाय.

तिसरं, ब्लेडवरचं प्लास्टिकचं गार्ड. रेघ दिसत नाही म्हणून शेजारचे मिस्त्री म्हणतेत काढून टाक, सगळेच काढतेत. काढावं का?

परभणी_मिस्त्री

तिसऱ्यापासून सुरू करतो कारण ते पहिलं. गार्ड काढू नको. जे काढतेत त्यांच्याकडं बगून काढायचं असंल तर त्यांच्या हाताकडं बी बगून घे एकदा.

रेघ दिसंना कामून, तर गार्डवर आतून भुसा बसून ते पांढरं पडलेलं असतंय. प्लग काढ, ओल्या कपड्यानं पूस, दिसतंय. अन् रेघ बगायची वेळ ब्लेड फिरत असताना नसतीच. मशीन बंद असताना डोकं हातानं खाली आणायचं, दात रेघंला टेकवायचा, लाकूड सरकवून जमवायचं, क्लॅम्प मारायचा, डोकं वर न्यायचं अन् मग बटन. ब्लेडची जाडी अडीच-तीन मिमी ऱ्हाती, ती रेघंच्या टाकाऊ बाजूला गेली पायजे, न्हाईतर माप तेवढंच कमी.

आता फटीचं. ४५ ला कापताना ब्लेड लाकडाला फेन्सच्या (लाकूड टेकवायच्या मागच्या उभ्या पट्टीच्या) अंगानं बाजूला ओढतंय. नव्वदला हे जाणवत न्हाई. तू हातानं दाबून धरतूस, तुला वाटतंय हललं न्हाई, पर कापाच्या मधीच ते केसभर सरकलेलं असतंय. कापलेल्या दोन पट्ट्या एकमेकाला लाव अन् उजेडाकडं धर. मधी टेकल्यात अन् दोन्ही टोकाला उजेड दिसतोय तर कापाला पोट आलंय, मंजे लाकूड हललंय न्हाईतर ब्लेड वाकलंय. एका टोकाला टेकून दुसऱ्या टोकाला उघडत गेलेली फट असंल तर अँगलची भानगड. ह्यातलं कोणतं ते सांग, मग पुढचं.

तवर फेन्सच्या दोन्ही अंगाला १२० नंबरचा पॉलिश पेपर डकव, सारखा डकव, एकाच अंगाला न्हाई. अन् दर कापाला क्लॅम्प. मशीनसंगं आलेला क्लॅम्प बॉक्समधीच पडून असंल, पैज लावतो.

देव्हारा_लातूर

मिस्त्री, बॉक्समधीच होता 😅 दुसऱ्या प्रकारची फट आहे, आतल्या टोकाला टेकतंय आणि बाहेरच्या टोकाला उघडं.

वाळूज_टूलरूम

मी सुतार नाही, वाळूजला टूलरूममध्ये आहे, घरी हौसेनं लाकूडकाम करतो, त्यामुळं थोडं मापात बोलतो, सांभाळून घ्या.

३ इंच पट्टीचा ४५ चा काप साधारण १०८ मिमी लांब होतो. एक सूत म्हणजे ३.२ मिमी. चौथ्या कोपऱ्यात एवढी फट म्हणजे आठ कापांची मिळून साधारण पावणेदोन अंश चूक, एका कापाला ०.२ अंशाच्या जरा वर. तीन कोपरे तुम्ही दाबून बंद केले म्हणून सगळी चूक चौथ्यात जमा झाली, त्या कोपऱ्याचा काही दोष नाही. आणि ०.२ अंश मशीनच्या स्केलवर डोळ्याला दिसूच शकत नाही, स्केलची रेघच जवळजवळ तेवढी जाड असते. त्यामुळं "स्केलवर बरोबर ४५ होतं" याला अर्थ नाही.

एक विचारतो, आठही काप टेबल एकाच बाजूला फिरवून आणि पट्टी उलटी-पालटी करून मारले का, की एक टोक डावीकडच्या ४५ वर आणि दुसरं उजवीकडच्या?

देव्हारा_लातूर

एकाच बाजूला. टेबल परत परत कशाला हलवायचं म्हणून पट्टी उलटी करतो.

वाळूज_टूलरूम

मग सापडलं बहुतेक. तुमची फेन्स ब्लेडशी काटकोनात नसणार. फेन्स ०.२ अंश तिरकी असेल तर एका बाजूचा काप ४४.८ येतो आणि दुसऱ्या बाजूचा ४५.२. कोपऱ्यात एक डावा आणि एक उजवा काप समोरासमोर आला तर बेरीज ९०च. तुम्ही सगळे एकाच बाजूला मारता, त्यामुळं चूक वजा न होता बेरीज होत जाते.

पण यावर वेळ मारून नेऊ नका, मूळ चूकच काढा. प्लग काढून (स्विच बंद नव्हे, प्लग काढून) डोकं खाली लॉक करा. आधी तुमचा गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) खरा आहे का बघा, सरळ कडेच्या प्लायवर एक रेघ मारा, गुण्या पालथा करून त्याच बिंदूवरून दुसरी मारा, दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या बरोबर. बाजारातले निम्मे गुण्ये इथंच नापास होतात. मग टेबल शून्यावर लावून गुण्याची एक बाजू फेन्सला आणि दुसरी ब्लेडच्या पात्याला, दातांना नाही, कारण दात पात्यापेक्षा बाहेर आलेले असतात, दोन दातांच्या मधल्या पोकळीत टेकवा. उजेड दिसला तर फेन्सचे बोल्ट अ‍ॅलन की नं ढिले करून फेन्स जुळवा, थोडं थोडं आवळत जा, एकदम एक बोल्ट आवळला की फेन्स परत सरकते.

मग खरी परीक्षा. ४ इंच रुंद, दोन्ही कडा समांतर असलेला प्लायचा तुकडा शून्यावर मधून कापा, एक अर्धा पालथा करा, दोन्ही सरळ पट्टीला टेकवून काप जुळवा. पालथा केल्यामुळं चूक दुप्पट दिसते, ०.१ अंशाची चूक असेल तरी टोकाला एक तृतीयांश मिमी फट येईल, कागद सहज जातो. नाही गेला तर शून्य झालं, आता स्केलचा काटा स्क्रू ढिला करून शून्यावर आणा. डोक्याचा झुकाव तसाच, गुण्या टेबलवर उभा करून पात्याला टेकवून बघायचा. ४५ च्या झुकावाला वेगळा स्टॉप-बोल्ट असतो, तो पण तपासा, तो नव्या मशीनला पण बरोबर असेलच असं नाही.

एवढं करूनही एखाद्या कोपऱ्याला केसभर कमी-जास्त लागलं तर ४५ च्या खाचेतून टेबल हलवायच्या नादाला लागू नका, ते परत खाचेतच घसरतं. फेन्स आणि लाकडाच्या मध्ये एका टोकाला लग्नपत्रिकेचा जाड कागद घाला, वीतभर अंतरावर तेवढ्यानं दहाव्या हिश्श्याच्या आसपास अंश फिरतो.

संभाजीनगर_इंटेरियर

वरचं सगळं मान्य, पण अँगल शंभर टक्के बरोबर असूनही फट येते त्याचं कारण कुणी सांगितलं नाही. समोरासमोरच्या पट्ट्यांची लांबी. वरची पट्टी खालच्यापेक्षा अर्धा सूत मोठी असली की जगातलं कुठलंही मशीन तो कोपरा बंद करू शकत नाही. टेपनं मापून मापून चार तुकडे सारखे येत नाहीत, टेपचं टोक हलतं, पेन्सिलची रेघ जाड असते. स्टॉप लावा. फेन्सला एक लाकडी ठोकळा क्लॅम्पनं पक्का करा, तुकडा त्याला टेकवा, कापा, दुसरा टेकवा, कापा. ठोकळ्याची खालची कड थोडी घासून ठेवा म्हणजे भुसा अडकून माप चुकणार नाही.

पण हे लक्षात ठेवा, ज्या बाजूला स्टॉप आहे त्याच बाजूचा तुकडा क्लॅम्पमध्ये पाहिजे. स्टॉप एकीकडं, आणि हात किंवा क्लॅम्प दुसरीकडं, असं केलं की कापलेला तुकडा ब्लेड आणि स्टॉपच्या मध्ये मोकळा अडकतो, ब्लेड वर येताना तो उचलतो आणि गोफणीतून सुटल्यासारखा जातो. आमच्या साइटवर असाच एक तुकडा फॉल्स सीलिंगमध्ये जाऊन रुतला होता, कुणाला लागला नाही, पोरं महिनाभर तो दाखवत होती.

आणि डोकं वर कधी न्यायचं हे नवीन माणसाला कुणी शिकवतच नाही. काप पूर्ण झाला की ब्लेड खालीच ठेवायचं, बटन सोडायचं, ब्लेड पूर्ण थांबू द्यायचं, मग वर. फिरतं ब्लेड वर आणलं की नुकताच केलेला काप परत घासला जातो आणि बारका तुकडा उडतो. सुरुवातीला पण तसंच, ब्लेड पूर्ण स्पीडला आलं की मगच लाकडाला लावायचं.

जालना_फिटर

एवढा खटाटोप कशाला राव. ४ इंची कटरला लाकडाचं ब्लेड लावा, गुण्या धरा, झर्रकन काप. आमच्याकडं सगळे दरवाजे असेच होतेत.

परभणी_मिस्त्री

दरवाजे होतेत, बोटं बी जातेत. ते कटर फरशीसाठी असतंय दादा. ग्राइंडरला लाकडाचं दातेरी ब्लेड लावणं तर त्याहून वंगाळ.

वाळूज_टूलरूम

फिटर भाऊ, आकड्यात सांगतो. लोकांना वाटतं कटर १२-१३ हजार आरपीएमवर फिरतं म्हणून धोक्याचं आणि मायटर सॉ साडेचार-पाच हजारवर म्हणून सुरक्षित. तसं नाही. १० इंची ब्लेड ४८०० वर फिरत असेल तर दाताचा वेग सेकंदाला ६४ मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी २३० किमी. कटरच्या ब्लेडचा पण साधारण तेवढाच पडतो. फरक वेगात नाही, धरण्यात आहे. मायटर सॉमध्ये लाकूड फेन्स-टेबलला बांधलेलं आणि ब्लेडचा रस्ता ठरलेला. कटर-ग्राइंडरमध्ये सगळं तुमच्या मनगटाच्या भरवशावर, दात अडकला की अख्खं मशीन मागं येतं, आणि तिथं लाकडाच्या ब्लेडला साजेसं गार्डही नसतं.

देव्हारा_लातूर

कागदाची परीक्षा केली. कागदच काय, जुनं एटीएम कार्ड आत जात होतं 😳 फेन्स जुळवली, काटा हलवला, आता साधा कागद पण जाईना. क्लॅम्प आणि स्टॉप लावून सागवानाची फ्रेम केली, फट नाही. पण कापावर एका बाजूला काळसर डाग पडतेत, जळल्यासारखे, आणि खालच्या बाजूला ढलप्या निघतेत. आणि शिखर राहिलंच.

किनवट_सागवान

डागाचं मी सांगतो, आमचा धंदाच सागवानाचा. मशीनसोबत जे ब्लेड येतं ते बऱ्याचदा ४० दाती किंवा त्याहून कमी, बांधकामाच्या लाकडासाठी ठीक. फ्रेम-मोल्डिंगला १० इंचीत ६० ते ८० दाती घ्या. घेताना दाताचा कल विचारा, मायटर सॉला दात पुढं झुकलेले नकोत, शून्याच्या आसपास किंवा किंचित मागं कललेले पाहिजेत, म्हणजे ब्लेड लाकूड उचलून ओढत नाही. टेबल सॉचं ब्लेड साधारण १५-२० अंश पुढं झुकलेलं असतं, ते इथं लावलं की लाकूड हिसकतं. ब्लेडच्या भोकाचं माप पण बघा, ३० मिमी आणि २५.४ मिमी दोन्ही मिळतात, मधली रिंग ब्लेडसोबतचीच वापरा, पत्रा गुंडाळून बसवू नका. आणि ब्लेडवर छापलेला जास्तीत जास्त आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा वर पाहिजे.

जळकट डाग तीन कारणांनी येतात, ब्लेड बोथट, दाताला सागाचं तेल-राळ बसलेली, किंवा तुम्ही घाबरून ब्लेड एकाच जागी रेंगाळवता. ब्लेड काढून गरम पाण्यात कपडे धुण्याच्या पावडरीत भिजवा, जुन्या टूथब्रशनं दात घासा, कोरडं करून हलका तेलाचा हात. बऱ्याच वेळा लोक धार गेली म्हणून ब्लेड फेकतात आणि ते फक्त माखलेलं असतं. ब्लेडचा बोल्ट बहुतेक मशीनवर उलट्या आट्याचा असतो, म्हणजे घड्याळाच्या दिशेनं फिरवला की ढिला होतो, हिसका देऊन गोल करू नका. बसवताना ब्लेडवरचा बाण आणि गार्डवरचा बाण एकाच दिशेला.

ढलप्यांसाठी टेबलवर ६ मिमी एमडीएफचा तुकडा आणि फेन्सला पण तसाच तुकडा दोन तोंडी टेपनं चिकटवा आणि एकदा त्यातूनच काप मारा. ब्लेडच्या जाडीएवढीच फट उरते, लाकडाच्या धाग्याला खालून-मागून आधार मिळतो, ढलपी निघत नाही. शिवाय कापलेले बारके तुकडे टेबलच्या रुंद फटीत पडून उडत नाहीत.

एक धोक्याचं. आपल्याकडं पाडलेल्या माळवदाचं जुनं सागवान लई चालतं, किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर तर लातूर-धाराशिव भागातून ट्रकनं लाकूड निघालं. लाकूड सोन्यासारखं, पण त्यात जुने चौकोनी खिळे मोडून आत राहिलेले असतात आणि चिरांमध्ये माळवदाची माती-खडी. स्पीकरचा मोठा लोहचुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून फिरवा, जिथं ओढ लागेल तिथं खिळा. आणि तारेच्या ब्रशनं चिरा साफ करा. कार्बाइडचा दात खिळ्यावर आपटला की तुटून गोळीसारखा येतो, म्हणून चष्मा. नंबरचा चष्मा चालणार नाही, बाजूनं झाकलेला गॉगल.

नांदेडची_ताई

मी घरच्या गच्चीवर बारकं काम करते, ट्रे, घड्याळाच्या फ्रेम वगैरे. दोन प्रश्न. बोटभर लांबीचे तुकडे कापायचे असतात तेव्हा धरायचं कसं? आणि हातात ग्लोव्ह्ज घालावेत का, आमचे हे म्हणतात ग्लोव्ह्ज घातल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही.

परभणी_मिस्त्री

ताई, भाऊजींना सांगा काळजी बरोबर हाय पर ग्लोव्ह नको. फिरत्या ब्लेडला ग्लोव्हचा धागा लागला की ते हात आत ओढून नेतंय, उघड्या हाताला कापलं तर कापून सुटतं तरी. ग्लोव्ह ब्लेड बदलताना घाला, प्लग काढलेला असताना. तसंच ओढणी, पदर, लांब बाही, बांगड्या, पोरांच्या हातातले लाल दोरे अन् कडं, सगळं काढून नायतर खोचून. केस बांधून.

बोटभर तुकडा लांब पट्टीतूनच कापायचा, आधी बारका करून मग त्याचे कोपरे कापायला जायचं न्हाई. हात ब्लेडपासनं ६ इंच तरी लांब पायजे, टेबलवर लाल रंगानं पट्टा मारून ठिवा, त्याच्या आत हात न्हाई मंजे न्हाई. तेवढ्यात धरता येत न्हाई मंजे क्लॅम्प, क्लॅम्प बसत न्हाई मंजे ह्या मशीनवर ते काम न्हाई, हातकरवत घ्या. अन् हात आलटून, डाव्या हातानं ब्लेडच्या उजवीकडचं लाकूड धरायचं, असं कधीच करू नका. गोल दांडा असंल तर तो फिरतोय, इंग्रजी व्ही सारख्या खाचेच्या ठोकळ्यात ठिवून क्लॅम्प.

वाकलेल्या पट्टीचं बी सांगून ठिवतो. बाक आलेली पट्टी फुगीर बाजू फेन्सला लावून ठिवा, अन् जिथं काप पडणार तिथं लाकूड अन् फेन्सच्या मधी फट नको. उलटी ठिवली तर काप होता होता लाकूड मिटतंय अन् ब्लेड चिमटीत धरतंय. पीळ आलेली पट्टी आधी रंधून सरळ करा.

बीड_वायरमन

लाकडातलं कळत नाही, वायरिंगचं बोलतो. आमच्याकडं शेतातल्या घरी डीपी लांब, संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज १८० च्या खाली. असल्या व्होल्टेजवर मायटर सॉ चालवलं की स्पीड पडतो, माणूस जोर लावतो, ब्लेड वाकतं, मोटार तापते. मग म्हणायचं मशीन तिरकं कापतंय. सकाळी चांगल्या व्होल्टेजवर तोच काप मारून बघा, फरक दिसेल.

१८०० वॅटचं मशीन २३० ला साधारण ८ अ‍ॅम्पिअर घेतं, चालू होताना त्याच्या कितीतरी पट. मोबाइल चार्जरच्या एक्स्टेंशनवर लावू नका. १ स्क्वेअर एमएमच्या ३० मीटर वायरीत चालत्या मशीनला ८-९ व्होल्ट जातात, २.५ ची वायर घेतली तर साडेतीनच. सॉकेट १६ अ‍ॅम्पिअरचं. वायरीची रीळ पूर्ण उलगडून, गुंडाळलेली रीळ आतून वितळते. ३० मिलिअ‍ॅम्पिअरची आरसीसीबी (करंट गळाला की लाईन तोडणारं स्विच) बसवा, भुशात वायर कुरतडणारे उंदीर कमी नाहीत.

आणि काप चालू असताना लाईट गेली तर डोकं आहे तिथंच धरा, बटन सोडा, ब्लेड आपोआप थांबू द्या, ब्रेकवर भरवसा ठेवू नका, मग प्लग काढा. बटनाला टेप गुंडाळून चालू ठेवणारे महाभाग मी बघितलेत, लाईट परत आली की मशीन आपलं आपण सुरू.

वाळूज_टूलरूम

आता शिखर. पाटी उभ्या रेषेपासून किती अंश आत कललीय तो कोन आधी ठरवा, त्याला कल म्हणू. चौकोनी शिखराला टेबलचा कोन असा निघतो की त्याचा टॅन बरोबर कलाचा साइन. आणि डोक्याच्या झुकावाचा साइन म्हणजे ०.७०७ गुणिले कलाचा कोसाइन. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरमध्ये होतं. मी काढून देतो: कल १५ असेल तर टेबल १४.५ आणि झुकाव ४३.१. कल ३० ला टेबल २६.६, झुकाव ३७.८. कल ४५ ला टेबल ३५.३ आणि झुकाव बरोबर ३०. तुमच्या मशीनच्या स्केलवर ३१.६ टेबलला आणि ३३.९ झुकावाला वेगळी खूण दिसत असेल, ती ३८ अंशाच्या छताच्या मोल्डिंगसाठी असते, त्याच सूत्रातून येते.

कापायचं असं. पाटी सपाट आडवी, बाहेरची बाजू वर, खालची लांब कड फेन्सला. कल ३० धरला तर टेबल एका बाजूला २६.६, डोकं ३७.८, एक टोक कापा. दुसऱ्या टोकाला डोक्याला हात लावू नका. पाटी तशीच बाहेरची बाजू वर ठेवून टेबलवर गोल फिरवा म्हणजे वरची कड फेन्सला येईल, टेबल दुसऱ्या बाजूला तेवढंच न्या आणि कापा. तुमचं डोकं एकाच बाजूला झुकतं त्यामुळं हाच मार्ग. पाटीच्या दोन्ही कडा समांतर रंधलेल्या पाहिजेत, नाहीतर दुसरं टोक चुकणार.

झुकावाच्या स्केलवर विसंबू नका, चुंबकवाला डिजिटल अँगल बॉक्स घ्या, टेबलवर ठेवून शून्य करा आणि ब्लेडच्या पात्याला चिकटवून वाचा, प्लग काढलेला. डोकं झुकवल्यावर गार्ड आणि मोटार फेन्सला कुठं अडत नाही ना हे बंद मशीनवर डोकं खाली नेऊन बघा, फेन्सचा वरचा भाग सरकवावा लागतो बऱ्याच मशीनला. साध्या १० इंचीत सपाट फळी ५ इंचाच्या आसपास कापली जाते, ४५ ला साडेतीन, तुमची ४ इंचाची पाटी २६.६ ला बसेल. आधी एमडीएफच्या चार टाकाऊ पट्ट्यांवर करा आणि चिकटपट्टीनं बाहेरून जोडून बघा.

एक युक्ती, दोन कोनातला काप एकदम मारू नका. रेघेपासून दीड-दोन मिमी सोडून पहिला, मग शेवटचा नुसता तासल्यासारखा. ब्लेडवर भार कमी, वाकत नाही, काप आरशासारखा येतो.

संभाजीनगर_इंटेरियर

घरातल्या छताच्या पट्ट्यांना मात्र हे आकडे डोळे झाकून लावू नका. आपल्या भिंती कुठं ९० असतात, ८८ नाहीतर ९२. कोपऱ्याचा कोन मोजा, निम्मा करा, त्यावरून चला. मी तर आता सगळ्या कामाला स्लाइडिंगच घ्या म्हणतो.

किनवट_सागवान

फ्रेमवाल्याला स्लाइडिंग कशाला, सरकायच्या दांड्यांवर डोकं डुलतं आणि स्वस्तातल्या मशीनला तेच पहिलं ढिलं होतं. रुंद फळी कापायची असेल तरच घ्या.

संभाजीनगर_इंटेरियर

चांगल्या मशीनला डुलत नाही. असो, हा वाद आपला कायमचा 😄 ज्यांच्याकडं आहे त्यांनी डोकं आधी स्वतःकडं ओढायचं, मग खाली, मग पुढं ढकलत कापायचं. चालू ब्लेड लाकडात घालून स्वतःकडं ओढलं की ते लाकडावर चढून अंगावर येतं.

देव्हारा_लातूर

टूलरूम दादा, तुमच्या आकड्यावर एमडीएफचं शिखर जुळलं, बाहेरून बघितलं तर सांधा सापडत नाही. आता सागवानात. फ्रेमबद्दल एक राहिलं, उन्हाळ्यात कोपरे आतल्या बाजूनं उघडतेत असं एका गिऱ्हाइकानं सांगितलं, ते कापण्याचं का लाकडाचं?

किनवट_सागवान

लाकडाचं. लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही, त्यामुळं वाळलं की कोपरा बाहेर टेकलेला राहतो आणि आतून उघडतो. पावसाळ्यात उलटं. ओलसर लाकडाची फ्रेम भादव्यात केली तर एप्रिलमधल्या आपल्या उन्हात ती उघडणारच. पट्टी जेवढी रुंद तेवढं जास्त. वाळलेलं लाकूड वापरा, कोपऱ्यात आडवी चीप (लाकडाची पातळ पट्टी) घाला, नुसत्या फेविकॉलवर सोडू नका, कापलेलं टोक डिंक पिऊन घेतं, म्हणून आधी पातळ हात देऊन मग दुसरा.

नांदेडची_ताई

भुशाचं कुणी बोललंच नाही. मागच्या पिशवीत निम्मा पण जात नाही, सगळा नाकात. लाकडाचा भुसा आयएआरसीनं (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) १९९५ मध्येच कर्करोगकारक यादीच्या पहिल्या गटात टाकलाय, एमडीएफमध्ये वर फॉर्मल्डिहाइडचा डिंक. रुमाल बांधून भागत नाही, एन ९५ लावा. आणि कानात प्लग. मी पिशवी काढून व्हॅक्यूमची नळी जोडलीय आणि मशीनमागं पुठ्ठ्याचा आडोसा केलाय, बराच फरक आहे.

हिंगोली_सेक्शन

धागा थोडा भरकटवतो. खिडक्यांचं अॅल्युमिनियम सेक्शन याच मशीनवर ४५ ला कापलं तर चालंल का? का १४ इंची लोखंड कापायचं चॉप सॉच घेऊ?

वाळूज_टूलरूम

अॅल्युमिनियम चालतं, जर तुमच्या मशीनच्या पुस्तकात परवानगी असेल तर. ब्लेड वेगळं लागतं, एक दात सपाट आणि एक कोपरे मारलेला अशी जोडी, दाताचा कल उणे ५-६ अंश, म्हणजे मागं, १० इंचीत ८० ते १२० दाती. लाकडाचं ब्लेड अॅल्युमिनियमला लावू नका, पातळ सेक्शन ओढून फाडतं. सेक्शनच्या आत पोकळी असते म्हणून लाकडाचा ठोकळा आत-बाहेर घालून क्लॅम्प, नुसता क्लॅम्प मारला की सेक्शन चेमटतं. ब्लेडला मेणाची कांडी लावा, नाहीतर अॅल्युमिनियम दातांवर चिकटतं. हळू उतरवा.

लोखंड नाही. आणि मायटर सॉला घासून कापणारी चकती कधीच लावू नका. गार्ड प्लास्टिकचं आहे, आणि आतल्या भुशात ठिणगी गेली की तो आतल्या आत धुमसत राहतो, रात्री शटर लावून घरी गेल्यावर कळतं. अॅल्युमिनियम कापायच्या आधी आणि नंतर पण भुसा झाडून घ्या. एकाच मशीनवर दोन्ही काम असेल तर अॅल्युमिनियमचा बारीक कीस सागवानात रुतून पॉलिशखाली चमकतो, तेव्हा टेबलवरचा एमडीएफचा तुकडा दोन्हीला वेगळा ठेवा.

हिंगोली_सेक्शन

समजलं. १०० दाती बघतो, हिंगोलीत मिळालं नाही तर नांदेडला विचारतो. मेणाची कांडी म्हणजे साधी मेणबत्ती चालंल ना?

वाळूज_टूलरूम

चालेल. ब्लेड थांबलेलं असताना लावा, प्लग काढून.